आप्पांच्या नकाशातली तार

“तार कुठंय?” त्रिशलाने विचारलं.

“नाही,” धवल म्हणाला आणि त्याने बिस्किट चहात बुडवलं.

“नाही म्हणजे काय? ह्या डब्यातला निरोप त्या डब्यात पोचतोय, हे मला दिसतंय. कुठून पोचतोय?”

“बिनतारी आहे, ताई. किती वेळा सांगू? ह्या डब्यावर एक नाव लिहायचं, त्या डब्यावर तेच नाव लिहायचं, झालं. बघ किती स्वच्छ दिसतंय. तुझा नकाशा उघडला की शेवयांचं पातेलं उलटल्यासारखं वाटतं.”

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने पस्तीस वर्षांच्या भावाशी सकाळी साडेनऊला भांडू नये, गिऱ्हाईकं यायची वेळ असते, असं त्रिशलाने स्वतःला बजावलं. मग ती भांडलीच. अर्धा तास भांडली. धवलने तेवढ्यात आणखी दोन बिस्किटं संपवली आणि नकाशा होता तसाच ठेवला.

मगदूम भावंडांच्या दुकानात हे भांडण चार वर्षं चाललं होतं. इचलकरंजीतले जुने धोट्याचे माग केव्हाच भंगारात गेले होते. त्यांच्या जागी आलेली यंत्रं पंख्याएवढासुद्धा आवाज करत नसत. पण जुन्या मागांनी बहिरी केलेली माणसं शहरात अजून हजारोंनी होती. एका पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस माग, दिवसाचे बारा तास, अशी तीस वर्षं काढली की कानाच्या आतले सूक्ष्म केस झडतात आणि पुन्हा उगवत नाहीत. अशा कानांना त्रिशला आणि धवल कर्णिका जुळवून देत.

कर्णिका म्हणजे नुसतं श्रवणयंत्र नव्हे. साधं श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करतं. लग्नाच्या मांडवात ते घालून बसलेल्या म्हाताऱ्याला नवरीमुलीचं नाव ऐकू येत नाही, पण भांडी आपटल्याचा आवाज मात्र डोक्यात घण घातल्यासारखा जातो. शेंगदाण्याएवढ्या कर्णिकेला आतल्या बाजूने चार बारीक टिकल्या असतात. त्या कानाच्या कातडीला टेकतात आणि मेंदूतल्या विजेची हालचाल मोजतात. माणूस एखाद्याचं बोलणं मन लावून ऐकतो तेव्हा त्या बोलण्याच्या चढउताराबरोबर मेंदूतल्या लहरीही चढतात-उतरतात. खोलीत पाच जण बोलत असले, तर कर्णिका पाचही आवाज वेगळे करते, मेंदूच्या लहरींशी एकेक ताडून बघते आणि ज्याचा मेळ बसेल तो आवाज उचलून बाकीचे दाबते. थोडक्यात, तुमचं लक्ष जिकडे, तिकडचं तुम्हाला ऐकू येतं. या धंद्यात ह्या आकड्याला ‘लक्ष’ असंच म्हणत.

आता प्रत्येकाचा कान वेगळा बिघडलेला. म्हणून प्रत्येक कर्णिकेच्या आतली मांडणी पडद्यावर वेगळी काढावी लागे. तिला नकाशा म्हणत. नकाशात चौकोनी डबे असत. एक डबा आवाज वेगळे करायचा, एक मेंदूच्या लहरी वाचायचा, एक लक्ष ठरवायचा, एक आवाज लहानमोठा करायचा. हे डबे एकमेकांना सतत निरोप देत. निरोप पोचवायच्या रीती दोन. एक तारेची: ह्या डब्यापासून त्या डब्यापर्यंत पडद्यावर रेघ ओढायची. कोण कोणाला काय सांगतंय ते डोळ्यांना दिसतं, पण साठ डबे झाले की दोनशे रेघा होतात. दुसरी बिनतारी: पाठवणाऱ्या डब्यावर एक नाव घालायचं आणि तेच नाव ज्या डब्यावर असेल त्याला निरोप आपोआप मिळतो. रेघ नाही, गुंता नाही, आणि त्रिशलाच्या मते अक्कलही नाही. निरोप कुठून आला हे विचारायची सोयच नसेल तर तो नकाशा कसला, असं तिचं म्हणणं. धवलचं म्हणणं एवढंच की ताईला रेघा ओढायची हौस आहे.

आप्पांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा, जुना नकाशा त्रिशलाने तारांनीच काढला होता. नेमगोंडा मगदूम चाळीस वर्षं जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करणारा तो जॉबर, म्हणजे जिथे सर्वांत जास्त खडखडाट तिथे कान लावून उभा राहणारा माणूस. पंच्याहत्तरी उलटली तोवर दोन्ही कान गेलेले. आई त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची, तिचेही निम्मेअर्धे गेलेले. त्रिशलाने नकाशा जुळवला आणि आप्पांना टीव्ही ऐकू येऊ लागला, धवल ऐकू येऊ लागला, बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पूजेतलं सगळं ऐकू येऊ लागलं. फक्त त्रिशला ऐकू येईना.

“आप्पा, गोळी घेतली?” ती विचारायची. आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत “हं” म्हणायचे. दुसरं काही विचारलं तरी “हं”. तिने तो नकाशा वीस वेळा तपासला. प्रत्येक तार बोटाने पडद्यावर चाचपून बघितली. चूक नव्हती. चूक नव्हती हेच तिला सलत होतं. कर्णिका लक्ष असेल तोच आवाज उचलते, आणि आप्पांचं लक्ष तिच्याकडे जात नव्हतं, हे दुसऱ्या कोणाला नाही तरी तिला पक्कं ठाऊक होतं. तेरा वर्षांपूर्वी ती निपाणीचं सासर सोडून आली तेव्हापासून जात नव्हतं. तेव्हा आप्पांनी दारातच विचारलं होतं, “मारलं काय त्यानं?” ती नाही म्हणाली. “उपाशी ठेवलं?” ती पुन्हा नाही म्हणाली. “मग आलीस कशाला? जा परत.” पुढेही अधूनमधून तेच. ती गेली नाही, आणि आप्पांनी तिचं बोलणं जे कानाआड केलं ते केलंच. लोकांच्या कानांची दुरुस्ती करून पोट भरणाऱ्या बाईला घरात हे सोसावं लागावं, याचा तिला इतका संताप यायचा की कधीकधी ती आप्पांच्या पाठीमागे उभी राहून मुद्दाम काहीबाही बोलायची. “आप्पा, घराला आग लागलीय.” आप्पा म्हणायचे, “हं.”

यंदा नव्या कर्णिका आल्या. आईला नवी मिळाली. आप्पांचं यंत्र जुनंच राहिलं, पण नकाशा नव्याने काढायचा होता. त्रिशला कानतपासणीच्या शिबिराच्या कामात बुडालेली होती. घरचे दोन्ही नकाशे धवलने काढले, त्याच्या पद्धतीने, बिनतारी.

नवे नकाशे बसवल्याच्या आठव्या दिवशी दुपारी जेवताना त्रिशला सवयीने, कोणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, “आज शिबिराला चौदाच जण आले.”

“चौदाच?” आप्पा म्हणाले. “मागल्या बारीला ईस हुतं की.”

तिचा घास हातातच राहिला. आईने ताटातून मान वर केली. धवल तर असा बसला होता जणू काही घडलंच नाही.

नंतरच्या पंधरवड्यात आप्पा तिच्या प्रत्येक बोलण्याला उत्तर देऊ लागले. गोळी घेतली का, तर “घेतली, कडू हाय.” चष्मा कुठे आहे, तर “तुझ्याच मेजावर, कालच बघितलोय.” एकदा तर ती मोरीत स्वतःशी पुटपुटत होती, तेव्हा बाहेरून आप्पा म्हणाले, “एवढं पुटपुटू नगंस, डोस्कं दुखंल.” तिने दात आवळून धवलला सांगितलं की तुझा नकाशा चांगला झालाय. धवलने तिला ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं.

आईची मात्र कुरकुर चालू होती. “माझ्या कानात मदीच टिकटिक व्हतीया. आन् कुनीतरी तुकड्या-तुकड्यानं वराडल्यागत ऐकू येतंय.” धवल म्हणाला, नवं यंत्र आहे, सवय होईल. त्रिशलानेही तिकडे लक्ष दिलं नाही. तिला काही खटकत नव्हतं असं नाही, पण त्या दिवसांत तिला काही बघायचंच नव्हतं.

रविवारी दुपारी आप्पा कॉटवर बसून टीव्हीवर कबड्डीचा सामना बघत होते. आई खाली बसून गवार मोडत होती. त्रिशला तिला मदत करत होती. आई हळूच म्हणाली, “सांग की त्यास्नी निपाणीचं. आता ऐकाय लागल्यात न्हवं?”

“आता काय सांगायचं, आई. झाली की तेरा वर्षं.”

“सांग म्हनतोय न्हवं मी.”

मग तिने सांगितलं. चुलतबहिणीच्या लग्नाला ती एक दिवस जास्त राहिली, एवढंच निमित्त. परत गेली तर नवरा बोलेना. रागावला नाही, ओरडला नाही, हात उगारला नाही. जेवायचा, तंबाखूच्या वखारीवर जायचा, यायचा, झोपायचा. पाणी हवं असलं तर तिच्यासमोर स्वतःच्या आईला म्हणायचा, हिला पाणी द्यायला सांग. मग सासूही तशीच वागू लागली. अकरा महिने त्या घरात तिच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. पुढेपुढे आपल्या तोंडातून आवाज निघतोय का हेच तिला कळेना. ती दुकानात जाऊन उगाच मीठ मागायची, दुकानदाराने पुडी दिली की तिला बरं वाटायचं. “आणि एक दिवस मी मुद्दाम, तो घरात असताना, भरलेली घागर वरून...” एवढ्यात खालच्या दुकानातून धवलने हाक मारली. गिऱ्हाईक आलं होतं. ती उठली. जाताना तिने आप्पांकडे पाहिलं. टीव्ही चालू होता, पण ते स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते.

जिना उतरताना तिला रडू आलं आणि आपण रडतोय याचा रागही आला. पण त्या रागाखाली आनंद होता. तेरा वर्षांनी आप्पांनी तिचं ऐकलं होतं.

बुधवारी आई आणि आप्पा बाजाराला गेले. आई कोथिंबिरीच्या जुडीवरून बाजारवालीशी घासाघीस करत होती. आप्पा पंधरावीस फुटांवर रस्ता ओलांडत होते. मागून विजेवरचा टेंपो आला. तो मुळातच बिनआवाजाचा, म्हणून चालकाने हॉर्न वाजवला, दोनदा, तीनदा. सगळा रस्ता वळून बघायला लागला. आप्पा चालतच राहिले. टेंपोवाल्याने कचकन ब्रेक दाबला, तरी आरशाचा फटका बसून आप्पा पडले. कोपर सोललं, मनगट मुरगळलं, तेवढ्यावर भागलं.

“हॉर्न ऐकू आला नाही?” त्रिशलाने मनगटाला पट्टी बांधताना विचारलं.

“आला न्हवं. बारीक, लांबनं आल्यागत. मी ध्यान द्याय बघितलं, पन कानात ती कोथमिरीवालीच बोलत हुती. ‘परवडत न्हाई, मावशी, परवडत न्हाई.’ तिचं मला काय करायचंय?”

त्रिशलाने पट्टीची गाठ मारली. कोथिंबीरवालीकडे आप्पांचं लक्ष असायचं कारणच नव्हतं. तिच्याकडे लक्ष होतं ते आईचं.

तिने आप्पांची कर्णिका काढून घेतली, दुकानात आली, नकाशा उघडला आणि तिचं डोकंच फिरलं. अख्ख्या नकाशात एकही तार नव्हती. लक्ष ठरवणाऱ्या डब्यावर नाव होतं ‘लक्ष’. आवाज लहानमोठा करणाऱ्या डब्यावर नाव होतं ‘लक्ष’. मग तिने आईचा नकाशा उघडला. तिथेही ‘लक्ष’ आणि ‘लक्ष’.

“धवल, आकडा कुठंय?”

धवल वाकून बघायला लागला आणि त्याचा चेहरा उतरला.

एका घरातल्या कर्णिका एकमेकींशी बोलू शकतात. दाराची घंटा वाजली की सगळ्यांच्या कानात वाजावी म्हणून तशी सोय असते. त्यामुळे नुसतं नाव घातलेला बिनतारी निरोप घरातल्या सगळ्या यंत्रांना जातो. तो आपल्याच कानात राहायला हवा असेल, तर नावाआधी त्या यंत्राचा स्वतःचा आकडा घालायचा असतो. हा ह्या धंद्यातला पहिल्या दिवशीचा धडा. धवलने आईचा नकाशा आधी काढला होता, मग तोच उचलून आप्पांच्या यंत्रात घातला होता, आणि आकडा दोन्हीकडे घालायचा राहिला होता.

“आईचं यंत्र नवं आहे,” त्रिशला म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की धवल एक पाऊल मागे सरकला. “ते सेकंदाला पन्नास निरोप पाठवतं. आप्पांचं जुनं, दहा पाठवतं. आप्पांच्या मेंदूने सांगितलं हॉर्नकडे, की लगेच आईच्या मेंदूचे पाच निरोप त्याच्यावर येऊन बसतात, कोथिंबिरीकडे, कोथिंबिरीकडे, कोथिंबिरीकडे. आप्पा स्वतःच्या मनाने ऐकतच नाहीत. आई ज्याच्याकडे लक्ष देते ते त्यांना ऐकू येतं. आणि आईला मधूनमधून आप्पांचं. टिकटिक म्हणत होती ती हीच. एक रेघ, धवल! चार सेकंद लागतात एक रेघ ओढायला! आप्पा मेले असते टेंपोखाली, तुझ्या स्वच्छ नकाशापायी!”

“चुकलं,” धवल म्हणाला. एरवी तो वाद घालायचा. “चुकलं, ताई.”

तिला आणखी बोलायचं होतं. पण तेवढ्यात बाकीचं तिच्या ध्यानात आलं आणि ती खुर्चीवर बसली. आई आयुष्यभर जिवाचा कान करून तिचं ऐकत आली होती. घरात त्रिशला बोलू लागली की आईचं लक्ष तिच्याकडे, आणि म्हणून आप्पांच्या कानात तिचा आवाज. शिबिराचं, गोळीचं, चष्म्याचं, निपाणीचं. आप्पांनी तिच्याकडे लक्ष दिलंच नव्हतं.

धवललाही ते कळलं असावं. तो चाचरत म्हणाला, “ताई, तसंच ठेवू या का? बाहेर एकटं सोडायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं. घरात काय धोका आहे?”

तिने लगेच नाही म्हणायला हवं होतं. म्हणाली नाही. तार लावली की आप्पा पुन्हा कॅलेंडरकडे बघत “हं” म्हणणार, हे तिला समोर दिसत होतं. तार नाही लावली तर ते दुसऱ्याच्या मनाने चालणारे कान घेऊन फिरणार. एक दिवस नजर चुकवून रस्त्यावर जाणारच, ते काय लहान मूल आहेत? मग तिने कर्णिकेतली नोंद उघडली. यंत्र महिनाभराचे निरोप जपून ठेवतं. रविवारी दुपारी तीन दहा ते तीन पन्नास, आप्पांच्या स्वतःच्या मेंदूने पाठवलेले निरोप तिने वेगळे काढले. पडद्यावर चाळीस मिनिटांची एक सरळ, न हलणारी पट्टी आली. टीव्ही. सबंध चाळीस मिनिटं टीव्ही.

“कबड्डी!” ती इतक्या मोठ्याने ओरडली की बाहेर बाकावर बसलेल्या दोन बहिऱ्या म्हाताऱ्यांनीही माना वळवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॅपटॉप घेऊन वर गेली. धवल मागोमाग आला. टीव्हीवर पुन्हा सामना चालू होता. ह्या देशात कबड्डी कधी संपते की नाही, असं तिला झालं. आई लसूण सोलत होती. त्रिशलाने काय झालंय ते सगळं सांगितलं, आईला आणि आप्पांना समजेल असं, सावकाश. आप्पांच्या कानात तिने कर्णिका अजून होती तशीच घातली होती; आई ऐकत होती म्हणून आप्पांनाही ऐकू येत होतं.

“म्हणजे रविवारी मी सांगत होते तेव्हा तुमचं लक्ष कबड्डीकडे होतं,” ती शेवटी म्हणाली.

आप्पांनी नाकारलं नाही. “हुतं की. फायनल हुती. पन ऐकू तूच येत हुतीस. मला वाटलं यंत्र बिघडलं. दोनदा चापट मारली कानावर. तरी तूच. मग काय करतोस? ऐकलो.”

“सगळं?”

“कानातच बोलाय लागल्यावर सगळंच की.”

“मग नंतर काही बोलला का नाहीत?”

आप्पांनी मनगटावरची पट्टी उगीच नीट केली. “काय बोलू?”

धवलने घसा साफ केला. त्याने रात्रभर विचार केलेला दिसत होता. “आई, एक करता येतं. आप्पांना तार लावायची, बाहेर ते स्वतःचं स्वतः ऐकतील. पण घरात असताना तुझं लक्ष त्यांच्याकडे पाठवायचं. ह्या वेळी नीट, आकडा घालून. म्हणजे ताई बोलली की त्यांना ऐकू येईल.”

त्रिशलाने त्याच्याकडे पाहिलं. जन्मभर ज्या बिनतारी डब्यांना ती शिव्या घालत आली तो डबा आपल्या हाताने नकाशात ठेवायला ती तयार होती. तिला स्वतःचीच चीड आली, पण ती आईच्या उत्तराची वाट बघू लागली.

“म्हंजे मी जिकडं ध्यान दिन ते ह्यास्नी ऐकू येनार?” आईने विचारलं.

“हो.”

“न्हाई.”

“आई, तुला त्रास काहीच नाही. तुला कळणारसुद्धा नाही...”

“न्हाई म्हटलं न्हवं?” आईने लसणाची पाकळी ताटात टाकली. “पन्नास वर्सं ह्यांच्या वतीनं मीच ऐकत आलोय. पावन्यांचं मी ऐकायचं. शाळंतल्या बाईंचं मी ऐकायचं. ही निपाणीसनं आली तवा हिचं रडनं मी ऐकायचं, आन् हे आपलं जा परत म्हनून मोकळं. आता डोस्क्यातलं ध्यान बी देऊ व्हय? माझं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. त्यास्नी ऐकायचं आसंल तर त्यांनी ऐकावं.”

आप्पा आईकडे बघत होते. आईने पुढची पाकळी उचलली.

त्रिशलाने आप्पांची कर्णिका काढून तिला वायर जोडली. नकाशातली दोन्ही नावं पुसली. लक्षाच्या डब्यापासून आवाजाच्या डब्यापर्यंत एक रेघ ओढली. चार सेकंद लागले. मग तिने कर्णिका पुन्हा त्यांच्या कानात बसवली आणि लॅपटॉपवर लक्षाची सुई लावून ठेवली. डावीकडे टीव्ही, उजवीकडे ती.

“आप्पा, ऐकू येतंय?”

आप्पांची नजर टीव्हीवर होती. सुई पार डावीकडे.

“आप्पा, मी बोलतेय.”

सुई थोडी थरथरली, मधल्या खुणेपर्यंत आली. तेवढ्यात टीव्हीवर कोणाची तरी पकड झाली, प्रेक्षक ओरडले, आणि सुई पुन्हा डावीकडे जाऊन पडली. त्रिशलाला ते यंत्र खिडकीबाहेर भिरकावून द्यावंसं वाटलं. लावली तार. आता बस आयुष्यभर.

“आप्पा!”

“थांब की जरा,” आप्पा वैतागून म्हणाले. “सवय न्हाई मला.”

त्यांनी डोळे मिटून बघितले. सुई हलली आणि परतली. त्यांनी तिच्याकडे तोंड केलं, कपाळाला आठ्या घातल्या. सुई मध्यापर्यंत येऊन डगमगत राहिली. मग ते चांगल्या हाताने कॉटचा काठ धरून उठले, गुडघ्यांवर हात टेकत टीव्हीपर्यंत गेले आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

“आप्पा, शेवटची तीन मिनिटं राहिलीत!” धवल म्हणाला. “दोनच गुणांचा फरक...”

“गप ऱ्हा.”

ते परत येऊन कॉटवर बसले. ह्या वेळी टीव्हीकडे नाही, तिच्याकडे तोंड करून.

“तू घागर टाकलीस म्हनत हुतीस,” ते म्हणाले. “आन् खाली गेलीस. मग? बोलला का त्यो?”

लॅपटॉप मांडीवर होता, पण सुईकडे बघायचं तिला सुचलं नाही.

“नाही. घरभर पाणी झालं. त्याने पायाने घागर बाजूला सारली आणि जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी मी इकडे आले.”

आईने लसणाचं ताट बाजूला ठेवलं.

“आन् मी तुला जा परत म्हटलो,” ते म्हणाले. “चारदा म्हटलो आसंन.”

“पाच,” त्रिशला म्हणाली.